खारकेतलं पाखरू

प्रेमिला गजभियेला खारीक फोडताना पाहायचं असेल तर ऊन तापायच्या आत आमच्या गच्चीवर यावं लागतं. पाण्याच्या टाकीशेजारी चटई, चटईवर धुतलेलं पांढरं धोतर, त्यावर खारकांचा ढीग आणि ढिगापुढे मांडी घालून बसलेली प्रेमिला. अडकित्त्याने खारीक उभी चिरायची, बी काढायची, फाका उघडून उन्हाकडे धरायच्या, आतून-बाहेरून पाहायच्या आणि मगच परातीत टाकायच्या. बाजारात खारकेची तयार पूड मिळते, पण बाई प्रत्येक खारीक स्वतः उघडणार. मी एकदा म्हटलं, "अगं, तुझी एवढी खारीक होईस्तोवर माझा सगळा स्वयंपाक उरकतो."

"तुमच्या भाजीत अळी निघाली तं तुमी खासान," ती म्हणाली. "माह्या लाडवात निघाली तं बाळंतीण खाईन."

मग ती एक फाक माझ्यापुढे धरते आणि तिचं ठरलेलं वाक्य बोलते, "खा ताई, पाह्यली हाये." मी ती फाक उलटीसुलटी करते, नाकाशी नेते आणि मगच खाते. माझा तो स्वभावच आहे. श्रीधररावांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने आणलेली कोथिंबीरसुद्धा मी काडी काडी पाहून घेते आणि घेताना बोलतेही. प्रेमिलाला त्याचा कधी राग आला नाही. पाहून घेणाऱ्या माणसाबद्दल तिला उलट आदरच वाटतो.

आता सगळं निस्तरलंय म्हणून मी हे असं हसत सांगतेय. मधले काही आठवडे आमच्या मधुमालती अपार्टमेंटमध्ये हसण्यासारखं काही नव्हतं.

हुडकेश्वरला ही इमारत झाली तेव्हा चारी बाजूंनी शेतं होती. आता शेत शोधायला गच्चीवर चढावं लागतं. प्रेमिला आणि तिचा नवरा देवराव तळमजल्यावर राहतात, मी पहिल्यावर आणि मायावहिनी दुसऱ्यावर. देवराव शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाडीला, एका ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हर होता. प्रेमिला तिथेच शेजारच्या सुक्या मेव्याच्या गोदामात निवडीला जायची. ट्रकमधून पोती उतरायची, बायका रांगेने बसायच्या आणि बदाम, खारका, मनुका, अंजीर हातांखालून जायचे. वाडीला भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांनी लेक वाढवली, तिचं लग्न केलं आणि मग हे घर घेतलं. घर घेतल्यावर प्रेमिलाने पहिल्यांदा काय केलं असेल तर खिडक्यांना बारीक जाळी बसवून घेतली. आम्हाला वाटलं, डासांसाठी.

"डास चावून जाते," तिने मला समजावलं होतं. "पाखरू घर करते."

हे पाखरू म्हणजे धान्याच्या, मेव्याच्या डब्यांभोवती भिरभिरतं ते. नखाएवढं, पंखांचा वरचा भाग राखाडी आणि शेवटाला तांब्याचा रंग. गोदामात तिने ते जन्मभर पाहिलं. ते स्वतः काही खात नाही म्हणे. अंडी घालायची आणि मरून जायचं. खादाड असते त्याची अळी. ती बदामात, खारकेत शिरते, आत खाते, आतच घाण करते आणि सगळीकडे जाळं विणून ठेवते. "पाखरू गरीब हाये ताई," प्रेमिला म्हणायची, "त्याचं लेकरू वंगाळ." तिच्या तोंडून हे ऐकल्यापासून मला पाखरू मारताना जरा वाईट वाटतं. मारते मी, पण वाईट वाटतं.

लाडवांचं सुरू झालं ते तिची लेक दीप्ती बाळंतपणाला आली तेव्हा. लेकीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांतले चार इमारतीत वाटले गेले आणि त्यानंतर आमच्याकडच्या एकाही बाळंतिणीने दुसऱ्या कोणाचा लाडू खाल्ला नाही. मग शेजारच्या गल्लीतून लोक आले, मग मानेवाड्याहून, मग कुठून कुठून. तुपात फुलवलेला डिंक, खरपूस भाजलेलं खोबरं, खसखस, जायफळ, गूळ. हे सगळ्यांच्याच लाडवांत असतं. प्रेमिलाच्या लाडवांत त्याशिवाय तिचे डोळे असत. ती हे कधी बोलून दाखवत नसे, पण तिचा सगळा अभिमान तिथेच होता. गोदामात निवडीच्या रांगेत ती पहिली बसायची, दाराशी, जिथे उजेड चांगला असतो. ती जागा मुकादमाने तिला दिली होती आणि ती शेवटपर्यंत तिच्याकडेच राहिली.

दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्याचंही करावं लागेल असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. बाई आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिली.

यंदा भाद्रपदात महालक्ष्म्या झाल्या. आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्याच म्हणतात आणि तीन दिवस कोणाच्या घरी कोण जेवतंय याचा पत्ता नसतो. प्रेमिला सगळ्यांकडे जेवायला येते. कढी, आंबील, सोळा भाज्या, पुरण, सगळं मनापासून खाते आणि वर नाव घेऊन सांगते की कोणाचं पुरण जमलं नाही. फक्त हळदीकुंकू आणि ओटीची वेळ आली की हात जोडते. "माह्या सासऱ्यानं छप्पन सालीच हे सोडलं ताई. पोट भरलं ना माहं, ओटी राहू द्या." पहिल्या वर्षी जराशी चुळबुळ झाली. पुढे तिची सवय झाली. मी तिला ओटीऐवजी पुरणपोळ्या बांधून देते आणि ती त्या आनंदाने नेते.

त्यानंतर महिनाभरात मायावहिनींची अदिती बाळंत झाली. पहिलटकरीण, माहेरी आलेली. मुलगी झाली. लाडू अर्थातच प्रेमिलाचे. मायावहिनींबद्दल एक सांगायला हवं. त्या दुधाची पिशवीसुद्धा साबणाने धुऊन मग फ्रीजमध्ये ठेवतात. नाकावर माशी बसू देत नाहीत म्हणतात तशा. अशा बाईने एक दिवस लाडवांचा स्टीलचा डबा उघडला आणि झाकणाच्या कडेला आतून एक पांढुरकी अळी चालताना दिसली.

त्यांची किंकाळी मला खालच्या मजल्यावर ऐकू आली. मी वर जाईपर्यंत त्यांनी फोटो काढून इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलाही होता. खाली लिहिलं होतं, "बाहेरचे लाडू घेताना सावध राहा. घरात बाळंतीण आहे." नाव लिहिलं नव्हतं, पण आमच्याकडे बाहेरचे लाडू म्हणजे कोणाचे हे दूधवाल्यालाही माहीत आहे.

मग एकेकाला आठवू लागलं. शेजारच्या सुरुचीच्या स्वयंपाकघरात पाखरं उडतात, समोरच्यांच्या ओट्यावर उडतात, माझ्याकडेही दोन दिसली होती. आणि या प्रत्येक घरात गेल्या काही महिन्यांत प्रेमिलाचं काहीतरी आलं होतं. कोणाकडे लाडू, कोणाकडे चिक्की, कोणाकडे नुसत्या निवडलेल्या मनुका. ती वाटतेच तशी. झालं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली.

"कुठून कुठून माल आणतात आणि काय काय," मायावहिनी म्हणाल्या. "आपण आपलं विश्वासाने घेतो. आता सांभाळूनच राहायला पाहिजे त्यांच्यापासून."

'त्यांच्यापासून' या शब्दाच्या पोटात काय होतं ते मला नीट ऐकू आलं आणि माझं डोकं फिरलं. "त्यांच्यापासून म्हणजे कोणापासून?" मी विचारलं. मग मी बरंच बोलले, आवाज चढवून बोलले, बाळंतीण झोपली आहे याचंही भान ठेवलं नाही. पण खरं सांगायचं तर माझ्या हातात पुरावा काहीच नव्हता. अळी डब्यात होती आणि डबा प्रेमिलाचा होता.

मला वाटलं, प्रेमिला भांडेल. तिला भांडता येतं, ती काही गरीब गाय नाही. भाजीवाल्याशी भांडताना तिला ऐकावं. पण ती वर गेली, डबा परत घेऊन आली, आणि गच्चीवर बसून तिने एकेक लाडू फोडला. सगळे. आत काही नव्हतं. मग तिने स्वतःचं घर बाहेर काढलं. डबे, बरण्या, पिशव्या, कपाटातले कागद, सगळं गच्चीवर. उन्हात पसरून एकेक वस्तू पाहिली. ना जाळं, ना अळी, ना पाखरू.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" मी तिला म्हणाले. "तुझ्या घरात काही नाहीच."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"नाई कसं? लोकाईच्या घरात निघून राहिली, मंग माह्या घरात हायेच," ती म्हणाली. "हाये अन् मले दिसून नाई राहिली. त्याचंच तं भेव हाये."

तेव्हा मला कळलं की तिचं दुखणं वेगळंच आहे. लोकांनी बोल लावला याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. तिला वाटत होतं, लोक खरंच बोलतायत.

तिने कढई घासून, पुसून, पालथी घालून ओट्याखाली सरकवली. मानेवाड्याहून एक बाई आपल्या सुनेसाठी लाडू सांगायला आली तर तिला दारातूनच परत पाठवलं. देवराव एक दिवस दुपारी माझ्याकडे आला. एरवी तो आमच्या घरी पाय ठेवत नाही, खालूनच हाक मारतो. त्या दिवशी येऊन खुर्चीच्या कडेवर बसला.

"ताई, ते जेवून नाई राहिली बरोबर," तो म्हणाला. "तांदूळ निवडते, मंग तेच तांदूळ पुन्हा निवडते. सुईत दोरा ओवून पाहते. मी म्हटलं, डोळ्याच्या डॉक्टरकडे चाल, तं म्हणते, डॉक्टर काय सांगन ते मले मालूम हाये."

"पण एवढं काय घेऊन बसलीय ती?"

देवरावने जरा वेळ हातातल्या टोपीची घडी घातली आणि मोडली. "गोदामात एक सीताबाई होती. हिच्या आधी दाराशी तेच बसे. तिचे डोळे गेले तं तिच्या हातून खराब माल गेला. मुकादमानं तिले उठवलं अन् झाडू दिला हातात. ज्या रांगेत पह्यली बसे, त्याच रांगेमागून झाडत जाये. हिनं पाह्यलं ते सारं. तिचीच जागा हिले भेटली ना."

हे प्रेमिलाने मला कधी सांगितलं नव्हतं. मी संध्याकाळी खाली गेले. ती मनुका निवडत बसली होती, कोणासाठी ते देव जाणे. चार मनुका तिने माझ्या हातावर ठेवल्या, सवयीने. आणि म्हणाली, "पाहून खाजा ताई."

मी त्या मनुका मुठीत तशाच धरून निघाले. रागही येत होता आणि रडूही. राग कोणाचा ते सांगता येत नव्हतं म्हणून घरी येऊन मी श्रीधररावांवर काढला.

सव्वा महिन्याने अदितीच्या लेकीचं बारसं झालं. प्रेमिलाला बोलावणं होतं. मायावहिनी तेवढ्या सभ्य आहेत. पण ती आली नाही. स्वतः शिवलेलं झबलं आणि टोपडं तिने माझ्या हाती पाठवलं. टाके पाहिले मी, एकसारखे, मुंगीच्या रांगेसारखे. मायावहिनींनी झबलं घेतलं, "कशाला उगाच" म्हणाल्या आणि बाजूला ठेवलं. पाळणा झाला, घुगऱ्या झाल्या, आणि निघताना त्यांनी सगळ्या सवाष्णींच्या ओट्या भरल्या. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारका, बदाम. मी पदरात ओटी घेऊन खाली आले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ताटलीत ओतली.

तांदळात एक सोनेरी सुपारी होती.

ती माझी होती. महालक्ष्म्यांच्या सजावटीसाठी मी हौसेने सुपाऱ्यांना सोनेरी रंग दिला होता. एका सुपारीवर तांबड्या रंगाचा ब्रश घसरून पट्टा ओढला गेला, म्हणून ती मखरात न लावता सुरुचीच्या ओटीत घातली होती. तोच तो पट्टा. सुरुचीकडून कोणाकडे, तिथून आणखी कोणाकडे असं करत ती मायावहिनींकडे पोचली होती आणि आज माझ्या घरी परत आली होती. मला हसू आलं. म्हटलं, बाई, तू एवढी घरं फिरलीस, मला तर कोणी चहालासुद्धा बोलावत नाही.

हसत हसत मी एक खारीक उचलली, तर तिच्याबरोबर दुसरीही उचलली गेली. दोन्ही एकमेकींना चिकटल्या होत्या. मध्ये पांढरं जाळं होतं, बारीक भुकटी लागलेलं. मी त्या ताटलीवर आपटल्या आणि आतून अळी बाहेर आली. पांढुरकी, डोकं तपकिरी, चांगली पोसलेली.

एरवी मी ती चपलेने मारली असती. का कोण जाणे, मी खुर्ची ओढून बसले आणि पाहत राहिले. अळीने खारकांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पोट भरलं होतं तिचं, आता कोश करायला फट शोधत होती. ताटलीच्या काठावरून ती टेबलावर उतरली, टेबलावरून भिंतीवर गेली आणि भिंतीने सरळ वर निघाली. गॅसवरचा चहा उतू गेला, मी उठले नाही. वरच्या फळीवर माझा चिवड्याचा डबा होता. अळी डब्यावर चढली, झाकणापाशी जरा घुटमळली आणि कडेच्या फटीत डोकं खुपसून आत शिरली. मी उठून झाकण उघडलं. अळी झाकणाच्या आतल्या कडेला होती. मायावहिनींच्या फोटोत होती अगदी तिथेच.

"अहो!" मी ओरडले. श्रीधरराव धावत आले. त्यांना वाटलं, भाजलं. "अहो, चिवडा तुम्ही काल खाल्लात ना? त्यात अळी होती का?"

"आता सांगतेस?" ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा पडला.

त्यांना तसंच सोडून मी ताटली आणि डबा घेऊन वर गेले. बारशाची मंडळी अजून पांगत होती. मी मायावहिनींना सरळ विचारलं, "ओटीचा डबा कुठे ठेवता तुम्ही?"

देवघराखालच्या खणात, श्रीखंडाच्या जुन्या प्लॅस्टिकच्या डब्यात. त्यांनी आज सकाळी वरच्या वर मुठी भरून घेतल्या होत्या, तळ पाहिला नव्हता. मी डबा वर्तमानपत्रावर पालथा केला. खालच्या खारकांचा एकच गोळा झाला होता, जाळ्यात गुरफटलेला. त्यातून तीन-चार पाखरं उडाली आणि देवांच्या अंगावरून ट्यूबलाइटकडे गेली. आणि देवघराच्या बरोबर वर, हातभरावर, ती फळी होती, जिच्यावर तेव्हा लाडवांचा डबा ठेवलेला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी हे मोठ्याने म्हटलं की मनात, आता आठवत नाही. मोठ्यानेच म्हटलं असणार.

मायावहिनी त्या गोळ्याकडे पाहत राहिल्या. "पण वहिनी, मी सगळं पुसते. रोज पुसते."

"हा डबा कधी पुसला?"

"तो देवाचा ना," त्या म्हणाल्या. "ओटीची खारीक आपण खात नाही. टाकताही येत नाही. म्हणून पुढच्या ओटीत घालते. सगळ्याच घालतात."

खरंच सगळ्याच घालतात. मीसुद्धा. ओटीची खारीक खायची नसते, टाकायची नसते, म्हणून ती नुसती फिरते. लग्नातून डोहाळजेवणात, तिथून महालक्ष्म्यांत, तिथून बारशात. तिचं वय कोणी विचारत नाही. आम्ही एकमेकींच्या पदरात मोठ्या भक्तिभावाने अळ्या घालत होतो आणि वर कपाळाला हळदीकुंकू लावत होतो.

मग आम्ही दोघी घरोघर गेलो. सुरुचीचा डबा, जाळं. समोरच्यांचा, जाळं. माझा उघडला तर त्यातून जे निघालं ते मी इथे सांगणार नाही. श्रीधरराव दारात उभे राहून पाहत होते आणि कोथिंबिरीचे सगळे हिशेब चुकते झाल्यासारखे हसत होते. प्रत्येक घरी ओटीचा डबा होता आणि प्रत्येक डब्यात पाखरं होती. इमारतीत एकच घर असं होतं, जिथे ओटीचा डबा नव्हता.

तळमजल्याच्या दारासमोर मायावहिनी थांबल्या. त्यांच्या हातात त्या खारकांची ताटली होती. "तुम्ही बोला," त्या मला म्हणाल्या.

"मी नाही," मी म्हणाले. "फोटो तुम्ही टाकला."

प्रेमिलाने दार उघडलं. मायावहिनींनी सांगितलं. अडखळत सांगितलं, पण काही लपवलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवं. सुपारीपासून श्रीखंडाच्या डब्यापर्यंत सगळं. "आमची चूक झाली प्रेमिलाबाई. मी असं ग्रुपवर टाकायला नको होतं. तुमचं नाव मी उगाच..."

"थांबा, थांबा," प्रेमिला म्हणाली. "म्हणजे माह्या घरात नव्हतीच?"

"नव्हती."

"लाडवात बी नव्हती?"

"नाही हो. आमच्या खणातून वर चढली."

"मंग मले दिसली नाई, ते नव्हती म्हणून दिसली नाई?"

मायावहिनींना प्रश्नच कळला नाही. मला कळला. "हो गं बाई," मी म्हणाले, "नव्हती म्हणूनच दिसली नाही."

प्रेमिला उंबऱ्यावर बसली. पदर तोंडाशी धरला आणि खांदे हलायला लागले. रडतेय असं वाटून मायावहिनी खाली वाकल्या तर बाई हसत होती. हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अवो!" तिने आत हाक मारली, "अवो, आयकलं का? माहे डोळे चांगले हायेत! नव्हतीच अळी! म्हणून नाई दिसली मले!"

देवराव बाहेर आला. चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिला. मायावहिनी पुन्हा माफी मागायला लागल्या, पण प्रेमिलाचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने त्यांच्या हातातली ताटली ओढून घेतली आणि उजेडाला धरली. वरवर सगळ्या खारका सारख्याच होत्या, जाळं लागलेल्या आम्ही आधीच बाजूला काढल्या होत्या. तिने बोटाने एक पुढे सरकवली.

"हिच्यात हाये."

"ही तर चांगली दिसते," मायावहिनी म्हणाल्या.

"देठापाशी पाहा. भोक हाये." मला भोक दिसलं नाही. चष्मा लावूनही दिसलं नाही. देवरावने आतून अडकित्ता आणला, तिने खारीक चिरली आणि बीच्या कुशीत बसलेली बारीकशी अळी आमच्यापुढे धरली. कोणी सोन्याचं नाणं दाखवावं तशी दाखवली. मग तिने आणखी एक काढली, मग आणखी एक. आम्ही दोघी पोरींसारख्या "आता ही सांग, आता ही सांग" करत दारातच बसलो. एवढ्या दिवसांनी मला मोकळा श्वास आला, अगदी पोटापासून.

ग्रुपवर मायावहिनींनी दुसरा फोटो टाकला, श्रीखंडाच्या डब्याचा. खाली लिहिलं, "अळ्या आमच्या घरच्या होत्या. लाडू चांगले होते." संध्याकाळी सगळ्या घरांतल्या ओटीच्या खारका अंगणातल्या खड्ड्यात गेल्या. टाकाव्या की टाकू नयेत यावर थोडी चर्चा झाली. मायावहिनींनीच पहिली मूठ टाकली. अदितीने त्या दिवशी लेकीला प्रेमिलाचं झबलं घातलं आणि पुन्हा लाडू सांगितले. कढई सुलटी झाली. डिंक फुलल्याचा वास जिन्यातून वरपर्यंत आला तेव्हा मला घरातलं आजारी माणूस उठून बसल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेले. प्रेमिला धोतर पसरून बसली होती. पण आज ती एक विचित्र काम करत होती. खारीक चिरायची, उजेडाला धरायची, एका हाताने उजवा डोळा झाकायचा, पाहायचं, मग डावा झाकायचा, पाहायचं.

"हे काय करून राहिलीस?"

"डाव्यानं जरा धुकं दिसते," ती म्हणाली. "करून घेतो आता त्याचं बी. आमच्या ह्यायले सांगितलं, चाला म्हणून."

"इतके दिवस तर घाबरत होतीस."

"इतके दिवस वाटे, डॉक्टर म्हणन, गेले डोळे, उठ इथून." ती खारीक पुढे-मागे करत हसली. "आता कसाचं भेव? डोळे हायेत, ते फक्त दुरुस्त करायचे."

तिने परातीतली एक फाक उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"खा ताई. पाह्यली हाये."

मी हात पुढे केला आणि न पाहताच तोंडात टाकली.